दात सरळ करणारे हात कुठे घडावेत?



आजच्या विषयाचे नाव ऐकून कोणाच्याही मनात प्रथम हाच विचार येईल की, वेड्यावाकड्या दातांना तार लावणे हा शहरी हौसेचा भाग. बुलढाण्यासारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात त्याची चर्चा कशासाठी? पाऊस, पीकविमा, खारे पाणी हे प्रश्न समोर असताना दातांच्या रांगेची चिंता कोणी करायची? ही शंका स्वाभाविक आहे. परंतु ज्या घरात टाळू दुभंगलेले मूल जन्माला आले आहे, ज्या मुलाचा खालचा जबडा इतका मागे आहे की ओठ मिटत नाहीत, पुढे आलेल्या दातांमुळे जी मुलगी वर्गात तोंडावर हात धरूनच बोलते, त्या घरात ही शंका कोणी काढत नाही. त्या घराचा प्रश्न एकच असतो : हे नीट करणारा डॉक्टर कुठे भेटेल, आणि तिथपर्यंत किती वेळा जावे लागेल?

या प्रश्नाचे मूळ शोधू गेल्यास ते एका अनपेक्षित ठिकाणी सापडते. ते आहे या विषयातील निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणात. त्यांनी किती रुग्ण हाताळावेत, कोणते संशोधन करावे, परीक्षेत काय दाखवावे, या अटी दूर कुठेतरी कागदावर ठरतात. त्यांचा परिणाम मात्र संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातील मुलाच्या तोंडापर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून त्या अटी सामान्य नागरिकानेही समजून घेतल्या पाहिजेत.

दंतव्यंगोपचार म्हणजे ऑर्थोडाँटिक्स. दात हा भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा हाडात रोवलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ, जिवंत पडदा असतो. दातावर मंद व सातत्याचा दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड झिजते आणि ताणाच्या बाजूला नवे हाड भरून येते. दात सरकतो तो असा, जणू वाळूत पाय रोवून उभा असलेला माणूस हळूहळू जागा बदलतो आहे. या क्रियेला घाई चालत नाही. जोर अधिक लावला तर दाताचे मूळच झिजू शकते. त्यामुळे साधारण दीड ते दोन वर्षे, दर चार ते सहा आठवड्यांनी रुग्णाला बोलावून तार बदलावी लागते. त्यानंतरही दात मूळ जागी परतू नयेत यासाठी दीर्घकाळ दक्षता घ्यावी लागते. शल्यकर्म एका बैठकीत उरकते. हा उपचार मात्र ऋतूंच्या हिशेबाने चालतो. या विद्येचे सारे वैशिष्ट्य आणि तिच्या शिक्षणाची सारी अडचण या संथपणात आहे.

अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दातांच्या विकृतींचे वर्गीकरण मांडले आणि १९०० साली सेंट लुईस येथे या विषयाची स्वतंत्र शाळा काढली. तिचा अभ्यासक्रम काही आठवड्यांचाच होता. पुढे या विद्येची खोली जसजशी कळत गेली तसतशी शिक्षणाची मुदत वाढली. आज अमेरिकेत या प्रशिक्षणासाठी किमान २४ महिने आणि ३,७०० तास अशी अट आहे. भारतात पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे.

आधी निर्जीव वस्तूवर हात बसवावा आणि मगच रुग्णाला स्पर्श करावा, हा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ नावाचा एक अध्यायच आहे. योग्या म्हणजे सराव. छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा यांसारख्या फळांवर करावा आणि ओढून काढण्याचा सराव फणसाच्या गरावर व मृत पशूंच्या दातांवर करावा, अशी तपशीलवार सूचना त्यात आहे. पुष्कळ शास्त्रे वाचलेला परंतु सराव न केलेला शिष्य कर्मासाठी अयोग्यच, हा त्या अध्यायाचा निर्वाळा आहे. याचा अर्थ प्राचीन काळी दातांना तारा लावीत असत असा काढण्याचे कारण नाही. परंतु शिक्षणाचे तत्त्व तेच आहे. आजचा निवासी डॉक्टर पहिले काही महिने तारेला वळणे देत बसतो. मग ‘टायपोडाँट’ नावाच्या साच्यात मेणामध्ये बसवलेले कृत्रिम दात त्याच्या हाती येतात. कोमट पाण्याने मेण मऊ झाले की तारेच्या ओढीने ते दात सरकतात. जिवंत हाडात वर्षभर चालणारी क्रिया त्याला टेबलावर अल्पावधीत पाहायला मिळते. भोपळा जाऊन मेण आले, एवढाच काय तो फरक.

यानंतर प्रत्यक्ष रुग्ण येतात. भारतीय दंत परिषदेने २०१७ साली केलेल्या नियमावलीने प्रत्येक विद्यार्थ्यास किमान ५० रुग्णांचे उपचार स्वतः सुरू करण्याची आणि त्याशिवाय किमान २० हस्तांतरित रुग्ण सांभाळण्याची अट घातली. हस्तांतरित म्हणजे आधीच्या तुकडीतील विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेल्यावर मागे राहिलेले रुग्ण. हे रुग्ण एकाच प्रकारचे असून चालत नाहीत. दातांची दाटी असलेले, वरचा जबडा पुढे आलेले, खालचा जबडा पुढे आलेले, वाढीच्या वयात जबड्याला वळण देणारी उपकरणे लागणारे, शस्त्रक्रियेची जोड लागणारे, असे सर्व प्रकार त्याने हाताळावेत अशी अपेक्षा आहे. प्रत्येक कामाची नोंद कार्यवहीत करायची. पहिल्या वर्षाच्या शेवटी मूलभूत विज्ञानांची परीक्षा, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी अंतिम परीक्षा, आणि तीत स्वतः उपचार केलेल्या रुग्णांचे साचे, छायाचित्रे व क्ष-किरण चित्रे परीक्षकांसमोर मांडायची. याच्या जोडीला नीतिविषयक समितीची संमती घेऊन केलेला शोधप्रबंध. कागदावर पाहिले तर ही रचना भक्कम आहे आणि तिच्यामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

अडचण उद्भवते ती या आकड्यांचा मेळ बुलढाण्याच्या नकाशाशी घालू गेल्यावर.

२०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार, तेरा तालुके, चार-पंचमांशाच्या जवळपास वस्ती ग्रामीण. राज्यातील जुनी शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. बुलढाणा शहरापासून संभाजीनगर सुमारे दीडशे किलोमीटर, नागपूर तीनशेहून अधिक. समृद्धी महामार्ग झाल्यापासून सिंदखेडराजा व मेहकरचे अंतर वेळेच्या हिशेबाने कमी झाले, हे खरे. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील भिल्ल, कोरकू, निहाल वस्त्यांना त्या महामार्गाचा उपयोग तो किती?

समजा, अशा वस्तीतील बारा वर्षांच्या मुलीवर उपचार सुरू झाले. दोन वर्षांत किमान अठरा ते वीस फेऱ्या. प्रत्येक फेरीत आईचा किंवा बापाचा एक दिवसाचा रोजगार बुडणार, मुलीची शाळा बुडणार, दोघांचे प्रवासभाडे वेगळे. महाविद्यालयाने शुल्क माफ केले तरी हा खर्च माफ होत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत एक फेरी चुकते, मग दुसरी चुकते. दातावरची सुटी झालेली पट्टी तशीच लोंबत राहते, तिच्याखाली अन्न अडकून दात किडू लागतो. अर्धवट सोडलेला उपचार हा न केलेल्या उपचारापेक्षा वाईट ठरू शकतो.

आता हीच गोष्ट निवासी डॉक्टरच्या बाजूने पाहा. त्याच्याकडे तीन वर्षे आहेत. त्यांतील आरंभीचा काळ तारकामात व पायाभूत अभ्यासात जातो. परीक्षेत पूर्ण झालेले उपचार दाखवायचे, म्हणजे रुग्ण नियमित येणारा हवा. त्याच्यासमोर दोन मुले आली, एक महाविद्यालयापासून दोन थांब्यांवर राहणारे आणि एक संग्रामपूरहून आलेले, तर तो कोणाची निवड करील? त्याला निष्ठुर म्हणणे अन्यायाचे होईल. पन्नास ही संख्या त्याला भरायची आहे, आणि त्या संख्येत जवळचा रुग्ण आणि दूरचा रुग्ण यांचे मोल सारखेच आहे. नियम कोणालाही दूर लोटत नाही. परंतु ज्याचे घर दूर आहे तो आपोआप यादीच्या तळाशी जातो. शिवाय अट आहे ती उपचार सुरू करण्याची. सुरू केलेले शेवटास जातात की नाही, रुग्ण मध्येच का थांबला, याची मोजदाद त्या पन्नासच्या आकड्यात उमटत नाही. तास मोजा वा रुग्ण मोजा, अंतर कोणीच मोजत नाही.

दुभंगलेल्या टाळूच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. महाराष्ट्रात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित यांचे स्मरण येथे अटळ आहे. अपघात आणि कर्करोग यांच्याशी झुंजत असतानाही ते दरवर्षी मायदेशी येत आणि शिबिरांतून असंख्य मुलांचे दुभंगलेले ओठ विनामूल्य शिवून देत. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ साली त्यांचे निधन झाले. अशा शिबिरांनी हजारो घरांतील अंधार दूर केला. परंतु ओठ शिवला म्हणजे काम संपले असे होत नाही. टाळू पहिल्या दीड वर्षाच्या आसपास शिवतात. आठ ते अकरा या वयात, सुळा येण्यापूर्वी, हिरडीच्या फटीत हाड भरावे लागते, आणि त्याआधी जबडा रुंद करण्याचे काम दंतव्यंगोपचार तज्ज्ञाचे असते. किशोरवयात तारा; वाढ पूर्ण झाल्यावर गरजेप्रमाणे जबड्याची शस्त्रक्रिया. एकूण पंधरा-अठरा वर्षांचा हा प्रवास. त्यात तीन वर्षांचा निवासी डॉक्टर येतो आणि जातो. मूल तिथेच असते. म्हणून त्या वीस हस्तांतरित रुग्णांची अट वाटते तितकी दुय्यम नाही. आधीच्याने अर्ध्यावर सोडलेले काम त्याच्या नोंदी वाचून पुढे नेणे, हा या विद्येतील सर्वांत मोठा धडा आहे.

अशी मुले हुडकण्याची व्यवस्था देशात उभी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन जन्मतः असलेली व्यंगे शोधणे हे त्याचे काम, आणि दुभंगलेले ओठ व टाळू त्याच्या यादीत आहेत. म्हणजे मूल सापडते, शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतेही. त्यापुढील दहा-बारा वर्षांचा धागा कोणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न.

आता संशोधनाकडे वळू. प्रत्येक निवासी डॉक्टरला शोधप्रबंध लिहावा लागतो. त्याची किंमत काय, हे रेमंड बेग यांच्या उदाहरणावरून कळते. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडचे हे दंतवैद्य. १९२० च्या दशकात अमेरिकेला जाऊन ते अँगल यांच्याकडे शिकले आणि मायदेशी परतले. गुरूची शिकवण जशीच्या तशी गिरवण्यावर त्यांनी समाधान मानले नाही. त्यांनी स्वतःच्या भूमीतील आदिवासींच्या कवट्या व दात तपासले. भरड आहारामुळे ते दात झिजत आणि त्यामुळे जबड्यात जागा होत असे, हे निरीक्षण त्यांनी १९५४ साली मांडले. आधुनिक मऊ आहारात ती झीज होत नाही, मग सर्व दात जबड्यात मावतील हा आग्रह कशाला, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. आर्थर विलकॉक या धातुतज्ज्ञाच्या साह्याने त्यांनी बारीक व लवचीक तार तयार करवली. त्या निष्कर्षांवर पुढे मतभेदही झाले. परंतु हलक्या तारेची त्यांची पद्धत जगभर गेली आणि भारतातील दंत महाविद्यालयांतही दीर्घकाळ शिकवली गेली. आपल्याच मातीतील माणसांकडे डोळसपणे पाहिल्याने एक जागतिक पद्धत जन्मली.

मग विदर्भातील प्रबंधाने कोणाकडे पाहावे? डोक्याच्या क्ष-किरण चित्रावरून जबड्याची मोजणी करण्याचे तंत्र १९३१ साली पुढे आले. त्यावर आधारलेली मापे प्रामुख्याने गोऱ्या वंशाच्या लोकांच्या चेहऱ्यांवरून बेतलेली होती. बुलढाण्याच्या मुलाचा चेहरा त्या मापात बसवण्याचा आग्रह धरला, तर निरोगी ठेवणही व्यंग ठरू शकते. भारतीय समूहांची मापे काढणारे अभ्यास झाले आहेत. पण प्रश्न इतकेच नाहीत. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांना व्यापतो. तेथील पाण्याचा दंतवल्कावर, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरावर, काय परिणाम होतो? यवतमाळ व चंद्रपूरच्या काही भागांत पाण्यातील फ्लोराइडने दात डागाळतात. अशा दातावर तारेची पट्टी चिकटवण्याची कोणती रीत टिकाऊ? दूरच्या रुग्णांपैकी किती जण उपचार अर्धवट सोडतात आणि कोणत्या महिन्यांत? हे प्रश्न महागड्या यंत्रांवाचून सोडवता येतील. त्यांना लागतात ती नोंद ठेवणारी माणसे.

२०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या प्रारंभी शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले, तेव्हा देशभरातून पथके आली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून घेऊन गव्हातील सेलेनियमच्या जादा प्रमाणाकडे बोट दाखवले. हेच बावस्कर रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना विंचूदंशाच्या रुग्णांच्या नोंदी रात्री-अपरात्री ठेवीत, आणि त्या नोंदींतून जगाने मान्य केलेला उपचार उभा राहिला. संशोधनास राजधानीच लागते हा समज त्यांच्या आयुष्याने खोटा ठरवला.

यातून काय करता येईल? पहिली गोष्ट, प्रशिक्षणाचा काही भाग जिल्ह्यातच व्हावा. बुलढाण्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास मान्यता मिळाली. त्याच्याशी किंवा जिल्हा रुग्णालयाशी जोडून नागपूर, संभाजीनगर अथवा अमरावतीच्या दंत महाविद्यालयाने महिन्यातून दोन ठरलेल्या दिवशी दंतव्यंगोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग चालवावा. प्राध्यापक सोबत असावा, कारण देखरेखीवाचून केलेला सराव हा गरिबांवर केलेला प्रयोग ठरेल. वीस मुलांनी दीडशे किलोमीटर जाण्यापेक्षा तीन डॉक्टरांनी तेवढे अंतर येणे केव्हाही योग्य. दुसरी, पन्नास रुग्णांपैकी काही वाटा अशा दूरच्या रुग्णांचा असावा आणि सुरू केलेल्याइतकेच पूर्ण केलेल्या उपचारांना महत्त्व असावे. तिसरी, रुग्णाच्या सर्व नोंदींची एक प्रत त्याच्या घरी असावी, म्हणजे डॉक्टर बदलला तरी धागा तुटणार नाही. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला; १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याची जागा घेणाऱ्या या नव्या व्यवस्थेपुढे अशा सूचना मांडण्याची हीच वेळ आहे.

यावर आक्षेप येईल की, निवासी डॉक्टरांवर आधीच कामाचा भार आहे. प्रवासात दिवस घालवून त्यांचे शिक्षणच उणे होईल. हा आक्षेप हलका नाही. म्हणूनच जिल्ह्यातील काम हे अभ्यासाच्या अटींत धरले गेले पाहिजे, त्यांच्यावर वरून लादलेले ओझे होता कामा नये. प्रत्येक उपचार तेथे शक्य नाही, हेही मान्य करावे. गुंतागुंतीची शस्त्रक्रिया महाविद्यालयातच होईल. परंतु तार बदलणे, तपासणी, नोंदी, दात घासण्याची शिकवण ही पुढची कामे घराजवळ होऊ शकतात, आणि वीसपैकी बहुतेक फेऱ्या याच कामांसाठी असतात.

समाजाचाही यात वाटा आहे. शिक्षकांनी मुलीला तारीख असेल त्या दिवशी रजा देताना कुरकुर करू नये. गावातील तरुणांनी त्या दिवशी एका गाडीत पाच मुले नेण्याची जबाबदारी घ्यावी. शेजाऱ्यांनी त्या दिवशीचे पाणी, गुरे सांभाळावीत. अशा बारीक गोष्टींवरच दोन वर्षांचा उपचार तरतो किंवा बुडतो. दात सरकतो तो एका झटक्याने नव्हे, मंद आणि सातत्याच्या ओढीने. ज्या दिवशी बुलढाण्यातील मुलाचे नाव निवासी डॉक्टरच्या कार्यवहीत केवळ ‘सुरू’ या रकान्यात न राहता ‘पूर्ण’ या रकान्यात नियमाने दिसू लागेल, त्या दिवशी या प्रशिक्षणाच्या अटी खऱ्या अर्थाने सफल झाल्या असे म्हणता येईल.